सगळं एकच असेल तर कुठलीही लावा

आता मला सांगा साहेब, विश्वास ठेवायचा कुणावर? तुमच्या शेजारच्या काकूंवर, की स्वतःच्या कानावर? काकू म्हणाल्या ही सैतानाची गाणी आहेत, कॅसेट उलटी वाजवली की त्यातून मंत्र ऐकू येतात – बरं, काकूंनी ती उलटी वाजवली कशावर? माझ्याकडे चार डेक आहेत, अकरा वर्षं या धंद्यात आहे, अजून एकही डेक उलटा चाललेला बघितला नाही. सुलटा चालवायचीच मारामार. बसा, बसा आधी. चहा सांगतो. रागावलेल्या माणसाने उभं राहू नये, राग पायात उतरतो आणि मग चालत घरी जाववत नाही. पिशवी इकडे द्या – नाही, परत घेणार, कुरकुर न करता परत घेणार, झकेरियाचा शब्द आहे. एकच विचारतो. पाचच आहेत ना? मोजल्यात? घरी कपाटात मागे एखादी राहिली नाही? सहज विचारलं. पाच. बरं झालं. फार बरं झालं.

काय म्हणालात? सगळा एकच गोंगाट? – साहेब, तुम्ही मासळी खात नसाल, आधीच माफी मागतो, पण हे वाक्य या दुकानात पूर्वी एकदा बोललं गेलंय. हे दुकान पंचाऐंशीपर्यंत सुक्या मासळीचं होतं, माझ्या वडिलांचं. हवा दमट झाली की अजून त्या कोपऱ्यातून वास येतो, म्हणून आरत्यांच्या कॅसेटी मी मुद्दाम या बाजूला ठेवतो. तर एक गृहस्थ आले, पुण्याकडचे, नाकाला रुमाल, आणि विचारतात, “काय हो, हे सगळं एकच ना?” वडील रागावले नाहीत. डोळे मिटले, एकेका पोत्यात हात घातला – हा जवळा, ही करदी, हे सोडे, ही वाकटी – आणि म्हणाले, “रुमाल काढा. रुमाल लावलेल्याला सगळं एकच असतं.” मी तेव्हा वीस वर्षांचा. इतका हसलो त्या गृहस्थाला! आठवडाभर हसत होतो. आता नाही हसत. का, ते विचारू नका.

तर ही पहिली. लावतो. तुम्ही शांत बसा, रुमाल काढा – म्हणजे तसा रुमाल नाही, मनातला. हं. ऐकताय? ढोल कसा पडतोय बघा – धीम्या चालीत, मधे मधे जागा सोडून. गाणाऱ्याला घाई नाही, घसा खरवडतोय पण सूर धरून आहे, आणि गिटार मधूनच एक वेलांटी घेतं. तुमचा पाय बघा साहेब. तुमचा, तुमचा पाय! हलतोय! – थांबवू नका हो, त्यात लाज कसली. हे हार्ड रॉक. पाय हलला की रॉक, मान हलली की मेटल. हा नियम माझा नाही, तुमच्या रेवाचाच. ती म्हणाली, “काका, कमरेखाली हललं तर –” पाय. पाय म्हणाली ती. पोरगी सरळ आहे तुमची, पाय असंच म्हणाली. आणि दोघं सख्खे भाऊ आहेत, रॉक थोरला. मेटल हे धाकटं, थोरल्याचेच कपडे घालून थोरल्यापेक्षा मोठ्याने बोलतं. थोरल्याच्या गाण्यात बाई असते, रस्ता असतो, दारू असते, तुमच्या-आमच्यासारखी दुखणी असतात. धाकट्याला तेवढं पुरत नाही, त्याला लढाई पाहिजे, वादळ पाहिजे, मेलेला राजा पाहिजे. त्यांच्यात एक ग्लॅम म्हणून आहे – केस फुगवून, डोळ्यांत काजळ, चमचमती पँट – दिसायला मेटल, पण गाणं उघडून बघाल तर आत लग्नाच्या बँडचा नवरदेव. ते गाणं अर्ध्या मिनिटात तोंडात बसतं, मग तीन दिवस निघत नाही.

थांबा हां, जरा दुसरी बाजू शेवटाला नेऊन बघतो. काही नाही – टेप गुंतलीये का बघायचं. सवय आहे. फॉरवर्ड, फॉरवर्ड… हं. गाणं संपलं, सूं सूं, काही नाही. नाही, ही नाही.

ही वही? ती – दुकानाची. तुम्ही चहा घ्या.

दुसरी. अरे बाप रे, ही ओळखायला कान लागत नाहीत. उरण नाक्यावरून न्हावा शेव्याला रिकामा ट्रेलर जाताना बघितलाय? भरलेला नव्हे, रिकामा. खड्ड्यांतून ऐंशीच्या वेगानं, मागच्या साखळ्या उडतायत, पत्रा थडथडतोय, आणि ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या आहेत पण श्वास घ्यायला सवड नाही. याला थ्रॅश म्हणायचं. मान हलवायची म्हणाल तर एकदा खाली नेईपर्यंत चार ठोके होऊन जातात, मान बिचारी मधेच थरथरत राहते. पण गंमत बघा, यात शिस्त आहे. गिटारवाल्याचा हात शिलाई मशीनसारखा चालतो, एक टाका चुकत नाही. आणि चिडचिड कशावर, तर लढाईवर, सरकारवर, खोटं बोलणाऱ्यांवर. सैतानाचा पत्ता नाही. एक ट्रेलरवाला माझ्याकडून हीच जात नेतो, म्हणतो, “शेठ, घाटात डोळा लागत नाही.” आता सांगा, ही कॅसेट माणूस मारते की जगवते? – लिहितो हां. सत्तावीस झाल्या होत्या, ही अठ्ठावीस, ही एकोणतीस. थ्रॅश. शेवट बघतो… सूं सूं. नाही. हीपण नाही. तीन राहिल्या.

कसल्या तीन? काही नाही हो. तुमच्या पिशवीतल्याच.

बघा, खाकरलो ना आता? मी खोटं बोललो की खाकरतो, ही आमच्या घराण्याची खोड आहे. वडील खाकरायचे, मी खाकरतो, माझा – जाऊ द्या. तुम्ही माझ्याकडे भांडायला आलात, मी तुम्हाला गाण्यांचे वर्ग दाखवत बसलोय, आणि तुम्हाला वाटतंय की म्हातारा बनवतोय. थोडं खरंय. सांगतो.

माझा मुलगा अरबाज. आधी दुकानात तोच असायचा. इंग्रजी कॅसेटींचं तो मागचं कपाट त्याने लावलं होतं – सात खण, सात चिठ्ठ्या, सुंदर अक्षर. हार्ड रॉक वेगळं, थ्रॅश वेगळं, डेथ वेगळं, डूम वेगळं. एखादी चुकीच्या खणात गेली तर त्याला जेवण जायचं नाही, अगदी आजोबांवर गेलेला. आणि मी काय केलं? त्र्याण्णवचे गणपती, आरत्यांचा माल आलेला, ठेवायला जागा नाही. पोरगा जेवायला घरी गेलाय. मी सातही खण एका खोक्यात उलटे केले, आणि खोक्यावर खडूने लिहिलं – ‘इंग्लिश ओरडा’. तो आला. बघितलं. मला म्हणाला, “अब्बा, हे काय?” मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो – चार गिऱ्हाइकं होती, सगळी हसली – मी म्हणालो, “अरे सगळं एकच तर आहे.”

बघितलंत? तेच वाक्य. त्या पुण्याच्या गृहस्थाचं.

तीन महिन्यांत तो बहारीनला गेला. एसीच्या कामावर. शुक्रवारी फोन येतो शेजारी, मी उचलला तर सलाम घालतो आणि म्हणतो, “अम्मीला द्या.” हव्वाबी बोलते, मी बाजूला उभा राहून तिच्या ‘हो’ आणि ‘हूं’ यांवरून अंदाज घेतो की तिकडे पाऊस आहे की ताप. अडीच वर्षं. आता आमच्याकडे एक रीत आहे साहेब – आखातात गेलेला माणूस पत्र लिहीत नाही, कॅसेट भरतो. बोलतो त्यात. इकडे सगळं घर मधोमध डेक ठेवून ऐकतं, म्हातारी डेकशीच बोलते, “नीट जेव रे.” तर डिसेंबरात मोहपाड्याचा एकजण परत आला, त्याच्याबरोबर अरबाजने बॅग पाठवली. बत्तीस कॅसेटी – वजन नको म्हणून डब्या नाहीत, कव्हर नाही, नुसते आकडे टाकलेल्या – आणि आईला खजुराचा डबा. मला काय वाटलं? पोरगा निवळला, दुकानाला माल पाठवला. तीन आठवड्यांत सगळ्या विकून मोकळा झालो. मी व्यापारी माणूस, माल आला की विकतो. रमजानच्या पहिल्या दिवशी रोजा सोडायला हव्वाबीने खजुराचा डबा उघडला, आणि तळाशी चिठ्ठी.

ही. खिशातच असते. चिकट झालीय, खजुराची आहे. वाचतो. “अब्बा, तुमच्याशी जे बोलायचं आहे ते डूमच्या कॅसेटमध्ये आहे. दुसरी बाजू, अगदी शेवटी. सगळं एकच असेल तर कुठलीही लावा.”

हसा, हसा. मीही हसलो, चांगला अर्धा मिनिट. पोरगा माझाच आहे, टोमणा कसा मारायचा ते घरीच शिकला. मग रोजा सोडायचा राहून गेला.

फोनवर विचारायचं? काय विचारू? ‘बाळा, तू काय बोलला होतास, मी विकलं ते’? हव्वाबीलाही बजावलं, सांगू नकोस. मग गिऱ्हाइकं शोधत फिरलो – कळंबोली, खांदा कॉलनी, नेऱ्याला एका फार्महाऊसवर तर कुत्रा मागे लागला. विचारायचो, “डूम आहे का तुमच्याकडे?” ते विचारायचे, “डूम म्हणजे काय?” आणि मी गप्प. अहो विकणारा मी! सुक्या बोंबलाच्या व्यापाऱ्याला बोंबील म्हणजे काय विचारलं आणि तो गप्प राहिला तर? तेव्हा ठरवलं. शिकायचं.

आणि तेव्हा रेवा – हे आता बोललो तर तुम्ही चिडाल. रोज यायची. रोज नाही, आठवड्यातून पाचदा. चार वाजता, क्लास सुटल्यावर, वीस मिनिटं, घड्याळ लावून. परीक्षा होती, ठाऊक आहे, मी सांगायचो तिला, “पोरी, अभ्यास कर.” ती म्हणायची, “काका, तुमचा कच्चा आहे, आधी तुमचा करू.” तिच्याकडेही बत्तीसातल्या पाच होत्या, पण दोनच नीट ऐकून झाल्या होत्या आणि तुम्ही जानेवारीत त्या कुलपात टाकल्यात. परीक्षा संपेस्तोवर नाही म्हणालात. बापाच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ? तीनदा तुमच्या बिल्डिंगखाली येऊन गेलो. एकदा जिन्यापर्यंत. तुम्ही दूध घ्यायला उतरलात, मी खाकरलो आणि निघून गेलो. तिला मी चिठ्ठीचं सांगितलं नाही, नुसतं म्हणालो की यादी करायचीय. तिनेही कधी विचारलं नाही. हुशार पोरगी. ही वही तिनेच आखून दिली – आकडा, मग ‘काकांनी आधी काय म्हणून ओळखली’, मग ‘खरी कुठली’, आणि शेवटचा रकाना, ‘शेवटी काय निघालं’. लाल पेनने तपासते. सत्तावीसपैकी एकोणीस बरोबर. खाली शेरा बघा – ‘मेहनत घेतात पण घाई करतात.’ चाळिशी कधीच उलटली माझी, आणि हा शेरा.

तुम्ही म्हणाल, नुसता शेवट तपासायचा, ओळखायची काय गरज? पहिल्या दोन कॅसेटींना तेच केलं, फॉरवर्ड दाबून. मग मनाला लागलं. पोरानं अट घातलीय साहेब. नुसतं सापडून उपयोग नाही, ओळखून सापडली पाहिजे. म्हणून आधी ओळखतो, लिहितो, मगच शेवट बघतो. एकदा तर – ऐका हे – मार्चमध्ये एक परत मिळाली, लावली, आणि काय संथ! काय जड! भरलेला ट्रेलर घाट चढतोय तसं एकेक ठोक्याला वजन. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं ‘डूम’, डेक उचलला, शटर तसंच उघडं टाकून घरी धावलो. हव्वाबीला बसवलं, तिने डोक्यावर पदर घेतला, शेजारीपाजारी जमले. तास गेला, शेवट आला, सूं सूं. काही नाही. दुसऱ्या दिवशी रेवाने डेक उघडला आणि म्हणाली, “काका, पट्टा सैल झालाय.” चांगलं पळणारं थ्रॅश होतं हो ते! सैल पट्ट्यावर तुमचा लग्नाचा बँडसुद्धा डूम होतो. हव्वाबी आठ दिवस मला विचारत होती, “आज पट्टा कसा आहे?”

तिसरी लावतो. – घाबरू नका! घाबरू नका, माणूसच आहे तो. आवाज पोटातून काढतात, त्याला तालीम लागते. हे डेथ मेटल. परवा हीच जात वाजत होती आणि गुणाबाई आली – मासळीवाली, वडिलांच्या वेळेपासून आमच्या पायरीवर टोपली टेकवते. दोन मिनिटं ऐकलं, टोपली खाली ठेवली, आणि म्हणते, “झकेरियाशेट, या मानसाच्या पोटात दुखतंय. ववा दे त्याला. आमी पन तेच देतो.” मी म्हटलं, “गुणाबाई, तो गातोय.” म्हणते, “नाय रं, ज्याला दुखत नाय तो असा कशाला गाईल?” मी वहीत प्रकारासमोर तेच लिहून ठेवलं – ‘ववा’, म्हणजे आपला ओवा. रेवाने त्याला अर्धा मार्क दिला. गाणी मात्र मरणाची, सडण्याची, प्रेतांची, हे मान्य. पण घरात कुणी गेलं की बारा-तेरा दिवस आपण दुसरं काय बोलतो? शेवट… सूं सूं. नाही.

चौथी. हं… एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात… एक-दोन-तीन-चार-पाच – मोजू नका साहेब, डोकं दुखेल. प्रोग्रेसिव्ह. यांचं गाणं वीस मिनिटांचं, मधे चार वेळा वाटतं संपलं. नेऱ्याच्या भजनी मंडळातला विठू पखवाजवाला आहे, मंडळाची कॅसेट भरायला आला होता, त्याला ही जात ऐकवली. आधी तोंड वाकडं केलं. मग मांडीवर बोट चालू झालं. मग मांडी सोडून माझ्या काउंटरवर. “सात… पाच… सात… याला समेवर येता येत नाही, झकेरियाभाई, हा चुकला – चुकला – अरे थांब – आला! आला रे आला!” आणि असा ओरडला की समोरचा सोनार बाहेर आला. तेव्हापासून विठू म्हणतो, एवढंच त्यांच्यातलं गाणं, बाकी नुसती हाणामारी. म्हणजे बघा, त्यालाही सगळं एकच नाही वाटलं. शेवट बघू… सूं सूं.

नाही.

एक राहिली. एकतीस झाल्या, कुठे काही नाही, म्हणजे हीच. द्या पाचवी.

साहेब.

हे काय आहे? ही चिकटपट्टी? कॅसेटच्या या कडेला दोन पापुद्रे असतात, ते मोडून टाकले की तिच्यावर परत काही भरता येत नाही. अरबाजने बत्तीसच्या बत्तीस मोडून पाठवले होते. त्या भोकांवर कुणी चिकटपट्टी लावली? – तुम्ही? तुम्ही हिच्यावर भरलंत? काय भरलंत? – सत्यनारायण?

नाही, नाही, रागावलो नाही. पूजेवर कोण रागावेल. कधी? रेवाच्या परीक्षेसाठी. बरोबर, परीक्षेसाठी पूजा घातली आणि ती रेवाच्याच कॅसेटवर भरली. कुणासाठी? गावी आईला पाठवायला, तिला येववत नाही म्हणून. म्हणजे तुमच्याकडेही कॅसेटीतूनच – आणि मग पाठवली का नाही? गुरुजींपेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त आला. होय, होतं तसं, माइक स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवला की होतं. माझंच चुकलं, मी विकायलाच नको होती. तुमची काय चूक? तुम्हाला वाटलं, तसाही गोंगाटच आहे. सगळं एकच. तुम्ही खोक्यावर खडूने लिहिलं नाही एवढंच.

मला एक आठवून सांगा. नीट आठवा. दोन्ही बाजूंना भरलं? एक बाजू पूर्ण, पंचेचाळीस मिनिटं. मग उलटली. दुसऱ्या बाजूला किती? कथेचा कितवा अध्याय चालू होता? चौथा. साधुवाण्याची नाव. मग पाचवा, मग आरती. आरत्या किती म्हणता तुम्ही? सगळ्या? सगळ्या म्हणजे? – आठवत नाही. गुरुजी कुठले? नवीन पनवेलचेच? मग थांबा, मग आशा आहे! नवीन पनवेलच्या गुरुजींना रविवारी पुढचं घर असतं. – खांदा कॉलनीत? साडेअकराची दुसरी पूजा? खुदा त्यांचं भलं करो. घाईत होते ना? चौथा आणि पाचवा एकत्र म्हणाले? वा! साहेब, आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींनी घाई केल्याचा कुणाला आनंद झाला असेल तर तो मला.

पट्टा घट्ट आहे. मघाशीच बघितला. लावतो. दुसरी बाजू, मधूनच. – हे गुरुजी. हे भांडं पडलं. हे तुम्ही म्हणताय, ‘रेवा, इकडे बस, परीक्षा तुझी आहे.’ ती ‘हो बाबा’ म्हणाली. – काय हो, साहेब, तुम्ही असे का बघताय? पोरीचा आवाज रोज ऐकता ना? तसा नाही ऐकत. कळतंय. कॅसेटमधून आला की वेगळाच येतो. – आरती. एक. दुसरी. घंटा जरा लांबच वाजवतात तुमच्याकडे. मी हात जोडूनच ऐकतोय, गैरसमज नको, पण थोडं आवरतं घ्या म्हणावं त्यांना. तिसरी. टेप बघा केवढीशी राहिलीय, बोटभर. चौथी नको, चौथी नको – मंत्रपुष्पांजली. संपव रे बाबा, खांदा कॉलनी वाट बघतेय…

खट.

बंद केला तुम्ही माइक. आता –

काही बोलू नका. एक शब्द नाही. ऐका. एक ठोका. मग… कुठे गेला? येतोय. दुसरा. गिटारचा आवाज सुटतो आणि सुटल्यावर पडत राहतो, पडत राहतो, तळ लागत नाही. थ्रॅशला मान थरथरते, याला माझी मान खाली गेली साहेब. आणि वर येत नाहीये. आणावीशी वाटत नाही. पट्टा घट्ट आहे ना? घट्ट आहे, मघाशी सात-पाच-सात बरोबर आलं होतं. मग ही – ही डूम. लिहा! माझा हात चालत नाही, तुम्ही लिहा, आधी लिहा, पुढे ऐकायच्या आधी लिहा, बत्तिसावी ओळ, दुसरा रकाना – डूम. लिहिलंत? शाई उमटली? असू दे वाजत.

गाणं संपलं. सूं सूं.

सूं सूं…

खाकरला! ऐकलंत? तो खाकरला. माझ्या बापाचं खाकरणं, माझं, आणि ते तिथे, बहारीनमध्ये – थांबवा! बटण दाबा, दाबा लवकर. अजून एक शब्दही आलेला नाही ना? नाही. बोलू दे त्याला, पण इथे नाही, ट्रेलरच्या आवाजात नाही. हव्वाबी घरी आहे. डेक मी उचलतो, तुम्ही वायर काढा. टेप अगदी थोडी उरलीय, एक मिनिट असेल, जास्तीत जास्त दीड. दीड मिनिटात माणूस काय काय बोलू शकतो साहेब? पुष्कळ. मी पाच शब्दांत घर रिकामं केलं.

हे बाकीचं सगळं घेऊन जा. या चार रेवाला द्या, तिच्याच आहेत, तिला सांगा काकांनी पाचातल्या पाच ओळखल्या. तुम्हीही लावा एखादी घरी, पाय हलतोय का बघा. शटर अर्धं ओढा. आणि वही इथेच ठेवा – नाही, आधी पूर्ण करा. तिसरा रकाना रेवाचा आहे, तो तिने भरायचा. चौथ्यात लिहा, ‘खाकरल्याचा आवाज’. एवढंच. पुढचं तुम्ही ऐकलेलं नाही, पुढचं लिहू नका. आणि दुसऱ्या रकान्याशी कंसात लिहा की आवाज यायच्या आधी ओळखली – पण फार आधी असं नाही, एका गाण्याचं शेपूट ऐकून, जेवढं झालं तेवढंच. सत्यनारायणाचंही लिहा, लपवू नका. पोरगा परत आला की खण बघायच्या आधी ही वही मागेल, त्याची नजर मला माहीत आहे. उठा साहेब, मला जाऊ द्या. हिशेब तेवढा खरा ठेवा.